आई, तुझाच पाय मला आला

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आधी दोघंही खाली बसा. बाबा, चष्मा लावा आणि तुम्हीच मोठ्याने वाचा, म्हणजे आईला मधल्या ओळी गाळता येणार नाहीत. वाईट काही नाही. राग मात्र येईल.

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी, तुझ्यासारखंच, जे हाड बाहेर आलं होतं त्याचं ऑपरेशन झालं. आज सतरावा दिवस. परवा टाके काढले. जखम कोरडी आहे, ताप नाही, रात्री झोप लागते.

म्हणजे आई, गेले पंधरा दिवस तू फोनवर "अशी बसलेलीच का दिसतेस गं सारखी?" विचारत होतीस, तेव्हा मी तुला थापा मारत होते. काम आहे म्हणून सांगत होते. काम कसलं डोंबलाचं, पाय तीन उशांवर होता आणि मोबाइल मुद्दाम गळ्याच्या वरच धरलेला. दादाला सगळं माहीत होतं. त्याच्यावर चिडू नका. मी शपथ घातली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पोटात काहीतरी राहिलं.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून दारात उभी असतीस. त्याच पायांनी. दिवसभर माझ्या मागेपुढे केलं असतंस आणि मला झोप लागली असं वाटलं की अंधारात बसून स्वतःचा अंगठा चोळला असतास. ते मला बघवलं नसतं. शिवाय बाबांच्या गोळ्यांच्या वेळा चुकल्या असत्या. आणखी एक कारण आहे, पण ते पुढे. आत्ता धीर होत नाही.

आता म्हणाल, एवढ्याशा हाडासाठी सुरी कशाला? म्हणूनच सगळं सविस्तर लिहिते. हौस म्हणून केलेलं नाही. दिसायला वाईट दिसतं म्हणून तर नाहीच, तसं कोणी ऑपरेशन मागितलं तर चांगले डॉक्टर परत पाठवतात. चार वर्षं दुखत होतं. आधी फक्त बुटात दुखायचं. मग रुंद बूट घेतले, अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये सिलिकॉनचा तुकडा घातला, रात्री पट्टा बांधून झोपले, बुटात वेगळे तळ बसवून घेतले. दुखणं कमी व्हायचं, अंगठा काही सरळ व्हायचा नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं की पट्ट्याने आराम पडेल, हाड जागेवर येणार नाही. गेल्या वर्षापासून अनवाणी चालतानाही कळ यायला लागली आणि शेजारचं बोट अंगठ्यावर चढायला लागलं. तेव्हा ठरवलं.

डॉक्टर तो उंचवटा बघून पहिल्यांदा "बनियन आहे" म्हणाले तेव्हा, बाबा, मला तुमचं दोरीवर वाळणारं बनियन आठवलं आणि मी हसले. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरल्येत.

आणि आई, आपण घरात त्याला आयुष्यभर कुरूप म्हणत आलो ते चूक. कुरूप म्हणजे घट्ट झालेली कातडी. हे हाड आहे. "हाड वाढलंय" म्हणतेस तेही तितकंसं खरं नाही, हाड फारसं वाढत नाही, ते सरकतं. पंज्यातलं पहिलं लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं, अंगठा उलट बाजूला बोटांकडे झुकतो, आणि दोघांच्या सांध्याचं कोपर बाहेर येतं. तेच बुटाला घासतं, लाल होतं, सुजतं. एक्स-रे उभं राहून काढला, पायावर वजन असताना, कारण निजून काढला तर तिरकेपणा कमी दिसतो. अंगठा 15 अंशांपर्यंत तिरका असला तर चालतं म्हणे. माझा 34 निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला आहे? मी म्हटलं, आईला. आईच्या आईलाही होतं.

इथे तू वाचणं थांबवून "माझ्यामुळेच पोरीला" म्हणणार, मला माहीत आहे. बाबा, तिला थांबू देऊ नका. पायाची ठेवण घराण्यातून येते, खरं आहे. पण नोकरीतली पहिली दहा वर्षं निमुळते, उंच टाचांचे बूट मी स्वतःच्या पैशांनी घेतले आणि त्यात तासन्‌तास उभी राहिले. त्यात तुझा काही हात नव्हता. तू तर नको म्हणत होतीस.

ऑपरेशनला तासभर लागला असेल. पूर्ण भूल नव्हती, घोट्यापाशी इंजेक्शनं देऊन पाऊल तेवढं बधिर केलं होतं. ते लांब हाड कापून परत बाकीच्या बोटांच्या दिशेने सरकवलं, दोन छोटे स्क्रू बसवले, अंगठ्याच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा काढून तोही सरळ केला. स्क्रू बहुतेक आतच राहतात, त्रास झाला तरच काढतात. संध्याकाळी घरी. पाऊल अजून बधिर होतं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात होते, "एवढंच?" असं तुमच्या जावयांना म्हटलंसुद्धा. नर्सने सांगितलं होतं, बधिरपणा उतरायच्या आधी गोळी घ्या, दुखायची वाट बघू नका. मी वाट बघितली. मग पहाटे तीन वाजता काय झालं ते लिहीत नाही. दुसऱ्या रात्रीपासून घड्याळ लावून गोळी घेतली आणि मग खरंच सोसण्याइतकंच दुखलं.

पाचव्या दिवशी एक मूर्खपणा केला. बरं वाटतंय म्हणून दोन तास पाय खाली सोडून बसले. पाऊल जांभळं पडलं आणि असं ठणकायला लागलं की मी रडकुंडीला आले. डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, पाय छातीपेक्षा वर घ्या. अर्ध्या तासात रंग परत आला. तेव्हापासून मी आज्ञाधारक आहे. पाय नुसता स्टुलावर ठेवून भागत नाही, आडवं होऊन उंच ठेवावा लागतो.

माझी आबाळ होतेय असं अजिबात समजू नका. पलंग खिडकीपाशी हलवलाय. पाणी, पुस्तक, चार्जर सगळं हाताशी. बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय, गुडघ्यापर्यंत पिशवी बांधून ऐटीत बसून अंघोळ करते. संडासाशेजारी धरायला दांडी लावून घेतली. घरात चालते, पण तळ कडक असलेला एक बोजड बूट घालून, टाचेवर भार देऊन, बदकासारखी. तुमची नात मागून तश्शी चालून दाखवते. तिने कुबड्यांना रिबिनी बांधल्यात. पायऱ्यांचं एक सूत्र तिनेच पाठ करून घेतलंय माझ्याकडून: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दिवसातून दहा वेळा घोटा वरखाली करते, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. स्वयंपाकघरात चाकांची खुर्ची नेलीय, पण तुमचे जावई तिथे फिरकू देत नाहीत. ते करतात ते खाते आणि तोंडभर कौतुक करते. आई, तुझ्याकडूनच शिकले हे.

हाड जुळायला साधारण सहा आठवडे. मग खेळाचे मऊ, रुंद बूट. गाडी त्याआधी नाही, उजवा पाय आहे ना, ब्रेक जोरात दाबता आला पाहिजे. सूज मात्र सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा रेंगाळते. अंगठ्याची एक कड अजून बधिर आहे, ती कदाचित तशीच राहील. काहींचा अंगठा काही वर्षांनी पुन्हा तिरका होतो, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. हे सगळं ऐकून, समजून सही केलीय.

आता ते दुसरं कारण.

मला लाज वाटत होती. तू चाळीस वर्षं या पायांवर काढलीस, माझ्याच्याने चार निघाली नाहीत. तू कधी बोललीच नाहीस. बाबांनी तुझ्या प्रत्येक नव्या चपलेला ब्लेडने तिथे भोक पाडायचं आणि तू ते घालून चालू पडायचं, एवढंच आम्ही बघितलं. दादाला आणि मला वाटायचं, आईची चप्पल अशीच असते.

आणि ती घंटा आठवते तुला? तू पाय पसरून बसलीस की मी तो उंचवटा बोटाने दाबायचे आणि तू "टिंग टाँग" म्हणायचीस. मी पुन्हा दाबायचे. तू पुन्हा "कोण आहे?" मी इतकी हसायचे की मला उचकी लागायची. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तुमच्या नातीने माझा अंगठा सहज दाबला आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी तिच्यावर ओरडले गं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. तू टिंग टाँग कशी म्हणायचीस?

असो. आता मी सांगते ते मुकाट्याने ऐकायचं.

आई, येत्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. दादा नेईल, त्याला सांगून झालंय. ऑपरेशन कर असं मी म्हणत नाहीये. कदाचित ते फक्त बूट बदला म्हणतील, आणि तेवढंच पुरेल. पण "आता काय राहिलंय" हे वाक्य तिथे बोलायचं नाही. दुखतं का विचारलं तर "दुखतं" म्हणायचं. "थोडंसं" नाही. एक्स-रे उभं राहून. कुरुपाची पट्टी लावणं बंद, त्यात कातडी जाळणारं औषध असतं आणि हाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. नवीन बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आधी कागदावर उभी राहून पायाची रेघ काढून घे. बूट त्या रेघेच्या आत बसला तर तो तुझ्यासाठी नाही. भोकवाली चप्पल टाकू नकोस, मला हवी आहे.

बाबा, तुम्हीही सुटला नाहीत. दादा म्हणाला, त्याच ब्लेडने तुम्ही टाचेची घट्ट कातडी तासता. साखर असताना? पायाची जाणीव कमी झालेली असते, कापलेलं कळत नाही आणि भरत तर त्याहून नाही. रोज रात्री आरसा खाली धरून तळवे बघायचे. घरातसुद्धा अनवाणी नको. लहानपणी तुमच्या पावलांवर माझी पावलं ठेवून तुम्ही मला घरभर चालवलंय, त्या पायांवर माझाही थोडा हक्क आहे.

आणि आत्ता येऊ नका. कृपा करून. नको आहात म्हणून नाही. तुम्ही दाराशी आलात की मला उठून दार उघडता आलं पाहिजे, एवढीच इच्छा आहे. अजून चार-पाच आठवडे. मग दोघंही या आणि हवे तेवढे दिवस राहा.

डाव्या पायाचं अजून व्हायचंय. दोन्ही एकदम नको म्हणाले डॉक्टर, एक तरी पाय उभं राहायला हवा. पुढच्या वर्षी कधीतरी. तेव्हा दादाच्या आधी तुम्हाला सांगेन, तुझी शपथ आई.

पत्र मिळालं की फोन कर. आधी रागावून घे, मी मधे बोलणार नाही. आणि या वेळी मोबाइल पायाकडे वळवीन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दाढीच्या सामानातलं ते ब्लेड. आजच टाका. पत्राची घडी घालायच्या आधी.