रिंग वाजली की धावत येणाऱ्यांसाठी

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार
नवी दिल्ली

विषय : प्रँक कॉल आणि ज्याला तो लागतो त्याची परवानगी

मंत्रीसाहेब, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, ऑफिसात कोणीतरी वाचून दाखवेलच. रेडिओ तुमच्याकडे आणि आयटी खातंही तुमच्याकडेच, म्हणून दोन्हीचं एकाच पत्रात उरकते. (रेल्वेबद्दलही बरंच बोलायचंय पण ते परत कधीतरी.)

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई फार सोवळ्यात बोलतात.

१९९३ चा मार्च, मिरज. आमच्या वाड्यात फोन एकाच घरात, बाकी सगळ्यांचा तो पीपी नंबर, म्हणजे फोन तिथे यायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारून बोलवायचे. मी आणि माझी मैत्रीण, वय अकरा, तिच्या वडिलांच्या दुकानातून फोन लावायचो आणि आवाज जाड करून सांगायचो, वरच्या अमक्यांना बोलवा, मुंबईहून फोन आहे. मग तो माणूस हातातलं काम टाकून धापा टाकत येणार, हॅलो हॅलो करणार आणि आम्ही खिदळत फोन ठेवून देणार. तीन-चार जणांना असं मामा बनवून झालं होतं. त्या दिवशी नंबर लागला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. मुंबईत बॉम्बस्फोट होऊन आठवडाही झाला नव्हता, १२ मार्चला एका दुपारी अडीचशेच्या वर माणसं गेली होती, आणि काकूंचा मुलगा नोकरीला मुंबईतच, फोर्टात. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही हो, माहीत सगळं होतं, फक्त ते आणि आमचा फोन हे दोन्ही डोक्यात एका वेळी आलंच नाही.

काकू जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. पण मला मनगटापेक्षा दुसरंच आठवतं. मी घरी आले तेव्हा त्या हात पोटाशी धरून फोनशेजारी बसल्या होत्या आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, अहो लाईन कट झाली, तो परत लावेल ना. दोन तास बसल्या तशाच. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी. बोलले नाही. नंतरही नाही. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली, आता सांगून कोणाला.

आता मी एका हॉस्पिटलच्या बोर्डावर बसते, टेलिफोन ऑपरेटर. देवाला पण विनोद कळतो म्हणायचा.

म्हणून २०१२ ची लंडनची गोष्ट वाचली तेव्हा ती मला लांबची वाटलीच नाही. तुम्हाला आठवत असेल, डिसेंबर महिना, राजघराण्याची सून गरोदरपणातल्या उलट्यांनी किंग एडवर्ड सेव्हन्थ हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती आणि सिडनीच्या टूडे एफएमच्या दोन आरजेंनी पहाटे साडेपाचच्या सुमारास तिथे फोन लावला, एक झाली राणी, एक झाला प्रिन्स चार्ल्स. त्या वेळी बोर्डावर ऑपरेटर नव्हता, म्हणून फोन उचलला एका नर्सने. मूळची आपल्याच शेजारची, मंगळूर भागातली, वय ४६, दोन मुलांची आई. तिने केलं काय? लाईन दिली. बस. मी दिवसातून कितीदा देते. पेशंटची माहिती पुढे वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सने सांगितली. ते रेकॉर्डिंग वाजलं, जगभर फिरलं, सगळे हसले, खऱ्या चार्ल्सनेसुद्धा पत्रकारांना म्हणे विचारलं की मी रेडिओ स्टेशन नाही हे तुम्हाला कशावरून. तीन दिवसांनी, ७ डिसेंबरला, त्या लाईन देणाऱ्या नर्सने आपलं आयुष्य संपवलं.

कोणीही एकाच कारणाने असं करत नसतं, हे मलाही कळतं. पण लंडनला जी चौकशी झाली त्यात त्या कॉलचं ओझं तिच्या मनावर होतं हे स्पष्ट आलं, आणि तिने मागे ठेवलेल्या एका चिठ्ठीत त्या आरजेंना दोष दिला होता.

रेडिओ कंपनी काय म्हणाली? असं काही होईल याचा अंदाज येणं शक्यच नव्हतं. मला इथेच थांबायचंय, कारण हे वाक्य मी स्वतःला तीस वर्षं ऐकवलंय. अंदाज आला नाही हे वेगळं आणि अंदाज घेतलाच नाही हे वेगळं. तो कॉल लाईव्ह नव्हता, साहेब. रेकॉर्ड केलेला होता. तो हातात घेऊन बसायला त्यांच्याकडे वेळ होता, वकिलांकडून तपासून घ्यायला वेळ होता, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार प्रसारणाआधी हॉस्पिटलशी बोलायचा प्रयत्न त्यांनी पाच वेळा केला, बोलणं झालं नाही, आणि तरी लावलं. म्हणजे विचारायला हवं हे माहीत होतं! आम्ही अकरा वर्षांच्या पोरी तरी होतो.

पुढचं पण ऐका. त्या दोघांतल्या एकाला पुढच्या वर्षी कंपनीने आपल्याच अंतर्गत स्पर्धेत बक्षीस दिलं. दुसरी २०१४ मध्ये लंडनला त्या चौकशीला स्वतः गेली आणि त्या नर्सच्या घरच्यांची माफी मागितली. तिच्याबद्दल मला राग धरता येत नाही, उलट जरा हेवाच वाटतो. आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नियामकाने स्टेशनला सोडलं नाही, परवानगीशिवाय खाजगी बोलणं रेकॉर्ड करून वाजवलं म्हणून धरलं, स्टेशन कोर्टात गेलं, प्रकरण पार तिथल्या हायकोर्टात (ते तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट), आणि मार्च २०१५ मध्ये नियामक जिंकला. मग लायसन्समध्येच अट घातली गेली की ज्याचा आवाज त्याची संमती.

आता आपल्याकडे या. आपल्या खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावायच्याच तर आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसंच्या तसं लावावं लागतं, एवढी काळजी घेतो आपण. पण कोणाच्या तरी बायकोला फोन करून तुमच्या नवऱ्याचं बाहेर लफडं आहे असं सांगून तिला रडवायचं आणि शेवटी अहो तुम्ही रेडिओवर आहात, हसा ना, हे वर्षानुवर्षं सकाळच्या ट्रॅफिकमध्ये चालत आलंय. यात एक गंमत बघा, ज्या मित्राने किंवा नणंदेने नंबर दिला त्याची परवानगी असते, ज्याला फोन लागला त्याची नाही. आणि नंतर विचारलं तरी कसं, सगळे हसत असताना. त्या क्षणी नको म्हणणारा माणूस मला दाखवा. हसण्यावारी नेलं नाही तर परत तुम्हीच खडूस.

रीलवाल्यांचं तर बोलायलाच नको. कस्टमर केअरची मुलगी, डिलिव्हरीवाला, सोसायटीचा वॉचमन, मेसवाल्या मावशी. कधी बघितलंय का कोणी आपल्या बॉसवर प्रँक करून अपलोड केलेलं? जो फोन उचलायलाच बांधलेला आहे आणि ज्याला उलट बोलायची सोय नाही त्यालाच बकरा करतात, आणि तो फसतो ते मूर्ख म्हणून नाही, नीट बोलणं हेच त्याचं काम आहे म्हणून.

कोणी म्हणेल आपल्याकडे शिमगा आहे, चेष्टा आपल्या रक्तात आहे. बरोबर आहे, पण शिमग्याला बोंब मारणारा दारात उभा असतो, त्याचं तोंड रंगलेलं असलं तरी कोणाचा पोरगा ते आख्ख्या गल्लीला माहीत असतं आणि उद्या त्याच्या दारात जाऊन फिटंफाट करता येते.

बंदी नकोय मला, २०२४ मध्ये विमानांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या तसला हा प्रकार नाही आणि त्यासाठीचे कडक नियम इथे लावूही नका, पोरंटोरं आत जातील आणि चॅनलवाले बाहेर राहतील. मला एफएमच्या परवानगीच्या करारात एक ओळ हवी आहे, की रेकॉर्ड केलेला प्रँक वाजवायचा तर ज्याचा आवाज आहे त्याची लेखी संमती, आणि ती दुसऱ्या दिवशी घ्यायची, हसू ओसरल्यावर. हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स, पोलीस, फायर ब्रिगेड यांच्या नंबरवर तर नाहीच नाही. रीलसाठी, ज्याचा आवाज आहे त्याने काढा म्हटलं की लगेच काढायची सोय, आणि तोवर त्यातून पैसे बंद. आणि नुकसान झालं तर हेतू नव्हता एवढ्यावर सुटका नको, हाताचं प्लास्टर कोणी भरायचं ते ठरू दे. काकूंचं त्यांनीच भरलं होतं.

उत्तर द्यायचं झालं तर कृपया पोस्टानेच द्या. मंत्रालयातून बोलतोय असं म्हणून कोणी फोन केला तर आमच्या बोर्डावर आजकाल आधी नाव, खातं, परत लावायला नंबर असं सगळं लिहून घेतो आणि मग पण लाईन देऊच असं नाही.

आपली,
रात्रपाळीची एक ऑपरेटर, मिरज