सोमवारचं काम रविवारच्या खात्यात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कामाच्या तासांच्या नोंदी चुकीच्या तारखेला पडत असल्याबाबत

महोदय,

मी जळगावला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम तासावर करतो. गेल्या दिवाळीपासून तास मोजायला तुमचं टर्मिनलवर चालणारं टूल वापरतोय, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. टूल मला आवडलं होतं, हेही सांगतो. एका कमांडमध्ये काम सुरू, दुसरीत बंद, नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. हिवाळाभर काही अडलं नाही.

अडलं ते ऊन तापल्यावर. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, दुपारी कूलरसुद्धा झळाच फेकतो. शेतातली माणसं पहाटेच कामं उरकतात, तसा मीही चारला बसतो आणि साडेनऊला उठतो. तुमचं टूल मात्र तारीख लावतं यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे पहाटेचे चार, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. साडेपाचच्या आत सुरू केलेली नोंद मग नऊला संपो की दहाला, अख्खी आदल्या दिवशी जाऊन बसते.

रिपोर्टात नुसती तारीख आणि बेरीज दिसते, त्यामुळे महिनाभर माझ्याही ध्यानात आलं नाही. १ जूनला, सोमवारी, केलेलं काम जूनच्या रिपोर्टात सापडेना, तेव्हा फाइल उघडली. आत लिहिलेलं: ३१ मे, २२:३० ते ०४:००. मेचं बिल तर आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. साडेपाच तास ना या महिन्यात, ना त्या. वर पुण्याहून फोन, ‘रविवारी काम कोणाला विचारून केलं?’ आमच्या करारात रविवारचे पैसे नाहीत. नोंद हाताने दुरुस्त केली, तर टूल तिच्यापुढे ‘बदललेली’ असा शिक्का मारतं. म्हणजे खरं लिहिलं की मीच संशयित.

तुमच्याकडे दोनदा लिहिलं. उत्तर आलं, सेटिंगमध्ये जवळचा पूर्ण तास निवडा. अधिक ५ ठेवून पाहिलं. तारीख बरोबर आली, पण चारचे साडेतीन झाले. भुसावळला गाडी पकडायला जवळचा पूर्ण तास चालत नाही हो. अर्ध्या तासाचा फरक ही काही माझ्या घराची खोड नाही, अख्खा भारत त्यावर चालतो. नेपाळ तर पावणेसहा तास पुढे आहे, तिथल्या ग्राहकाला काय सांगता?

साठवताना यूटीसी ठेवा, माझी हरकत नाही, तेच शहाणपणाचं आहे. पण रिपोर्ट काढताना दिवस वापरणाऱ्याच्या जागेवरून ठरवा. ‘आशिया/कोलकाता’ हे भारतीय वेळेचं नाव जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर असतं, तेवढं वाचलं तरी पुरे.

ही दुरुस्ती कधी येणार ते तारखेसह कळवा. तोवर एप्रिल ते जूनच्या नोंदींचा बरोबर तारखांचा रिपोर्ट तुमच्या लेटरहेडवर द्या, मला तो पुण्याला दाखवायचा आहे. पंधरा दिवसांत यातलं काहीच झालं नाही, तर वर्गणीचे उरलेले पैसे परत करा. फाइलची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार, जळगाव