शनिवारच्या वाचनबैठकीची आठवण: रमाबाई रानडे

सर्व सभासद भगिनींना नमस्कार. येत्या शनिवारी दुपारी साडेचारला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय रमाबाई रानडे.

रमाबाई म्हटलं की आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी आणि पुण्याचं सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था, एवढंच आठवतं. त्यांनी मताच्या हक्कासाठी केलेलं काम मात्र मागे पडलं, आणि मला ते फार लागतं. 1917 मध्ये सरोजिनी नायडूंसह स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. 1919 च्या भारत सरकार कायद्याने मात्र स्त्रियांना मत द्यायचं की नाही, हे प्रांतांच्या कौन्सिलांवर, म्हणजे कायदेमंडळांवर सोपवलं. म्हणजे प्रत्येक प्रांतात नव्याने झगडा. 1921 च्या सुमारास मुंबई इलाख्यात त्या चळवळीचं पुढारपण रमाबाईंनी केलं. तेव्हा त्यांनी साठी गाठत आणली होती! मत मिळालं, पण मालमत्तेची अट होतीच. त्यामुळे ते मोजक्याच बायकांच्या वाट्याला आलं. त्यावर बोलायलाच हवं.

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावं. लग्नानंतर अक्षर गिरवायला लागल्या, तो भाग आपण मोठ्याने वाचू.

आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई 1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कुणाच्या आजी-पणजीकडून त्या काळाबद्दल काही ऐकलं असेल तर जरूर सांगा.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, चहाचा अंदाज घ्यायचा आहे. सुना-लेकींनाही आणा.