बांडगूळ कापा, घरटी पाडू नका

महोदय,

आंब्याच्या बागांतून बांडगूळ काढायचं काम सुरू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण आमच्या शेजारच्या बागेत गड्यांनी बांडगुळाबरोबर शिंजिराची घरटीही कोयतीने खाली पाडली. 'हीच पाखरं बी पसरवतात' म्हणे. हा शिंजिरावर अन्याय आहे.

कलमांवर दोन इवले पक्षी कायम दिसतात, शिंजीर आणि फुलटोच्या. दोघांची कुळं वेगळी. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत चमकदार निळा-जांभळा होतो, तो कुणीही ओळखेल. घोटाळा होतो मादीमुळे, कारण फुलटोच्याही तिच्यासारखाच मळकट रंगाचा. अशा वेळी चोच बघावी. शिंजिराची लांब, बाकदार. फुलटोच्याची आखूड, फिकट गुलाबी. हा पक्षी जेमतेम ८ सेंटीमीटरचा.

बांडगुळाची पिकली फळं खातो तो फुलटोच्या. बी लवकरच बाहेर पडते, पण इतकी चिकट की अंगापासून सुटत नाही. मग तो फांदीवर बूड घासतो आणि बी सालीला चिकटते. पुढे तिला हिरवा कोंब फुटतो, तो बरोबर सालीकडे वळतो. शिंजिराचं लक्ष फुलांतल्या मधावर. त्यातून बांडगुळाचं परागीभवन होतं, तेवढा त्याचा हात आहेच. पण पिल्लांना तो किडे आणि कोळी भरवतो, हे बागायतदाराने विसरू नये. कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात या दोन पक्ष्यांचा वाटा काय, यावर सलीम अलींनी १९३१ मध्येच लेख लिहिला होता. आपल्या बागांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

शिंजिराचं घरटं ओळखायला सोपं आहे. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं, सालीचे कपटे लोंबणारं, आणि दारावर छोटीशी पडवी. ते दिसलं तर तेवढी डहाळी सोडावी.

फुलटोच्यालाही मारून काही साधणार नाही. फळं धरण्याआधी, बांडगुळाचं मूळ फांदीत जिथे घुसलंय त्याच्या खालून, फांदीसकट कापावं. नुसती पानं ओरबाडली तर ते पुन्हा फुटतं. खरी अडचण आहे ती मालक मुंबईला असलेल्या बागांची आणि रस्त्याकडेच्या झाडांची. तिथे बांडगूळ वर्षानुवर्षं फळतं आणि तिथून आमच्या कलमांवर येतं. ग्रामपंचायतींनी अशा मालकांना कळवून ते काढून घ्यावं, आणि कृषी विभागाने या हंगामात त्यासाठी गावोगाव माणसं द्यावीत.

– एक आंबा बागायतदार, राजापूर, जि. रत्नागिरी