आईची वेणी रात्री कशी सांभाळायची

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, खांदा आखडल्यापासून हात वर जात नाही, सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसतो, म्हणून केस आता मानेपर्यंत कापूनच टाकते असं तू फोनवर म्हणालीस. कापायचे की नाही ते तूच ठरव, माझं काही म्हणणं नाही. पण आधी एक बघ. उशीवरचे केस गळालेले आहेत की तुटलेले?

सकाळी चार-पाच केस उचल आणि एखाद्या गडद कापडावर ठेव, पांढरे केस त्यावर स्वच्छ दिसतात. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला बारीकसा पांढुरका कंद असेल, तर तो मुळापासून आलेला. असे दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात. पण दोन-चार इंचांचे तुकडे असतील, कुठल्याच टोकाला कंद नसेल, तर ते मधेच तुटलेत. तू "आखूड आखूड केस" म्हणालीस म्हणून मला हे तुटणंच वाटतंय. ते बरंचसं थांबवता येतं, आणि त्यासाठी रात्रीकडे लक्ष द्यायला हवं.

केसावर बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले. रात्री आपण कूस बदलतो तेव्हा डोक्याच्या वजनाखाली केस उशीवर घासतात. सुती अभ्र्याचा धागा खरखरीत असतो, तो खवले उचकटतो. उचकटलेले खवले एकमेकांत अडकून गुंता होतो आणि सकाळी कंगवा तिथेच केस तोडतो. त्यात वय वाढलं की डोक्याच्या कातडीतून तेल कमी सुटतं, आणि जे सुटतं ते लांब केसांच्या टोकापर्यंत पोचतच नाही. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे तुझ्या तीन फुटी केसांचं टोक सहा वर्षांपूर्वी उगवलेलं आहे. सहा वर्षांचं ऊन, पाणी, कंगवा त्या शेवटच्या वीतभर केसांनी सोसलंय. जपायचं ते त्यांना.

पहिली गोष्ट पाण्याची. ओल्या केसांनी झोपायचं नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो. शिवाय ओल्या केसांचा अंबाडा बांधून झोपलं की आतली ओल सकाळपर्यंत तशीच राहते, वास येतो, डोकं खाजतं, कोंडा वाढतो. खानापुरातल्या पावसात जून ते सप्टेंबर केस वाळायलाच तयार नसतात, हे माहीत आहे. म्हणून त्या चार महिन्यांत न्हाणं सकाळी दहाच्या आत उरकायचं, संध्याकाळी नाही. टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. जुना मऊ पंचा केसांना गुंडाळ, दाबून पाणी टिपून घे, दहा मिनिटांनी दुसरा कोरडा पंचा घे. मग पंख्याखाली केस मोकळे सोडून बस. दुपारपर्यंत मुळाशी दमटपणा राहिलाच तर ड्रायर कोमट ठेवून वीतभर अंतरावरून फिरवायला बाबांना सांग. कोळशाची शेगडी आणि धूप मात्र दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत अजिबात नको. कोळशाचा विषारी वायू कळतही नाही, आणि मोकळे केस नि पदर दोन्ही विस्तवाजवळ येतात.

शिकेकाईची पूड थेट डोक्याला चोळू नकोस. तिचा रवा केसांत राहतो आणि रात्रभर घासतो. पूड उकळून, फडक्यातून गाळून नुसतं पाणी घे.

तेल खोबरेलच ठेव. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसाची झीज कमी करतं, म्हणून ते न्हाण्याआधी लावलेलं सगळ्यात चांगलं: दोन चमचे तेल, दोन तास आधी. रोज रात्री मात्र फक्त पाच-सहा थेंब, तळव्यावर चोळून शेवटच्या वीतभर केसांना. मुळाशी नाही. कोंडा असताना रात्री डोक्यावर तेल थापलं की कोंडा वाढतोच, कारण कोंड्याची बुरशी तेलावर पोसते. आणि अभ्राही तेलकट होऊन त्याला खवट वास येतो. डिसेंबर-जानेवारीत तेल थिजेल, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेव, गॅसवर तापवू नकोस. एरंडेल मिसळायचं कुणी सुचवलं तर नको म्हण. ते चिकट आणि जड, लांब केसांत त्याने गुंता वाढतो. न्हाणीघरात तेलाचे थेंब पडले तर बाबा, ते लगेच साबणाने धुऊन टाका. तुमच्या वयात तिथे पाय घसरणं हे केस तुटण्यापेक्षा फार वाईट.

आता वेणी. बाबा, हे तुमच्यासाठी. आईचा हात वर जात नाही तोवर रात्रीची वेणी तुम्ही घालायची. तुम्ही आयुष्यभर दावी वळलीत, तीन पेड तुम्हाला नवे नाहीत. फरक एवढाच की दावं आवळून घट्ट करायचं असतं आणि वेणी सैल ठेवायची असते.

आईला स्टुलावर बसवा, तुम्ही मागे कॉटवर बसा, म्हणजे तिला मान वाकवावी लागणार नाही. आधी गजरा, आकडे, पिना सगळं काढा. गजऱ्याचा ओला दोरा केसांत राहिला तर त्याच्याभोवती असा गुंता होतो की कात्रीच लावावी लागते. तुमच्या तळव्यांना भेगा असतील तर तेलाचा एक थेंब आधी स्वतःच्या हाताला चोळा, नाहीतर केस भेगांत अडकतात. मग मोठ्या दातांचा कंगवा घ्या, फणी नको, आणि विंचरायला टोकापासून सुरुवात करा. शेवटची चार बोटं मोकळी झाली की त्याच्यावरची चार बोटं, असं वर वर जा. मुळापासून एकदम खाली ओढलं तर वरचे सगळे लहान गुंते खाली सरकून एक मोठी गाठ होते. गुंता आला की त्याच्या वरचा भाग डाव्या मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ मुठीवर येते, डोक्याला लागत नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे, घाई करू नका.

केसांचे तीन सारखे पेड मानेच्या खळगीपाशी करा, टाळूपाशी नको. उंच बांधलं की लांब केसांचं सगळं वजन रात्रभर मुळांना ओढतं. उजवा पेड मधल्यावर, मग डावा मधल्यावर. पहिले दोन पेच इतके सैल की वेणी आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. मधे नेहमीसारखं, पण ताण न देता. शेवटची चार बोटं उरली की कापडी पट्टीने बांधा. रबर बँड कधीच नाही, तो केसाला चिकटतो आणि काढताना केस तोडूनच निघतो. बांधून झालं की आईला हनुवटी छातीला लावायला सांगा. डोक्याची कातडी ओढल्यासारखी वाटली तर सोडा आणि पुन्हा घाला. घट्ट वेणीची ओढ वर्षानुवर्षे बसली तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होतात, आणि मुळं एकदा मेली की तिथे परत उगवत नाही. त्याच कारणाने वेणी रोज एकाच जागी नको. एक रात्र उजवीकडे झुकती, एक रात्र डावीकडे.

झोपताना, आई, वेणी पाठीखाली घेऊ नकोस. कूस बदलताना ती खांद्याखाली सापडते आणि झटका बसतो. उशीवरून वर, डोक्यामागे टाकून दे. गळ्याभोवती तर नकोच. अंबाडा घालून झोपायची तुझी जुनी सवयही सोड. मागचा अंबाडा मान पुढे ढकलतो, तुझ्या मानेच्या दुखण्याला ते बरं नाही, आणि त्यातले आकडे डोक्यात रुततात.

उशीचा अभ्रा साटीनचा शिवून घे. बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात ४४ इंच पन्ह्याचं साधं साटीन मिळेल, पावणेदोन मीटर पुरे. आपली उशी १७ बाय २७ इंची आहे. एका अभ्र्याला ६४ इंच लांब आणि १९ इंच रुंद तुकडा लागतो: दोन्ही बाजूंचे २८ आणि २८, आत वळायची झडप ६, दुमडीला २. रुंदीत शिलाईसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच धरलाय. दोन तुकडे ३८ इंच पन्हा खातील, ६ इंची पट्टी उरेल. ती टाकू नकोस. तिचा अर्धा, ३२ इंची तुकडा उभा दुमडून शीव, एक टोक बंद कर आणि वरच्या टोकाला नाडी घाल. ही वेणीची पिशवी. चमकती बाजू आत हवी, अभ्र्याला मात्र बाहेर. वेणी घातली की तिच्यात सरकवायची, नाडी मानेपाशी, पण वेणीभोवतीच, सैल बांधायची. डोक्याला बांधायचा रुमाल सरकतो, आणि सरकू नये म्हणून घट्ट बांधला की कपाळावर वळ उठतो, त्यापेक्षा मला ही पिशवी कितीतरी बरी वाटते. उरलेल्या अर्ध्यातून दीड इंच रुंद पट्ट्या काप, वेणी बांधायला. साटीनचे धागे फार सुटतात, तेव्हा कडा आत दाबून दुहेरी शिलाई मारायला सांग.

हे साटीन पॉलिएस्टरचं असतं, एप्रिल-मेमध्ये घाम येतो. त्या दिवसांसाठी शहापूर-वडगावच्या मागावरची तुझी जुनी रेशमी साडी आहे ना, तिचा मधला, बिनजरीचा भाग काढ. काठ-पदर नको, जरीत केस अडकतो. खणाचं कापडही नको, त्याची वीण उठावाची असते. रेशमी अभ्रा गार पाण्यात, हलक्या साबणाने, सावलीत वाळवायचा. कुठलाही अभ्रा चार-पाच दिवसांनी बदल. आणि अभ्र्याने घासणं कमी होतं, मुळापासूनची गळती थांबत नाही, एवढं लक्षात असू दे.

थंडीत डोक्यावरून घोंगडी ओढून घेऊ नकोस. लोकरीच्या धाग्यालाही खवले असतात, ते केसांना धरतात. डोकं झाकायचंच तर आत मलमलचा सैल रुमाल हवा, कानटोपी त्याच्यावर.

सकाळी पट्टी सोडून वेणी खालून वर उलगडायची, हिसका द्यायचा नाही. दर तीन महिन्यांनी टोकाचा अर्धा इंच काप, फाटे फुटलेलं टोक तसंच ठेवलं तर फाटा वर चढतो.

दोन महिने असं करून बघ. तुटक्या तुकड्यांची संख्या कमी झाली पाहिजे. झाली नाही, किंवा कंद असलेले केसच मूठ-मूठ येऊ लागले, भांग रुंद झाला, एखादी जागा वाटोळी मोकळी दिसली, तर वेणीचा दोष नाही. डॉक्टरांना दाखव, रक्तातलं हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासायला सांग, आणि अलीकडे सुरू केलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ने. काही गोळ्यांनीही केस जातात. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नकोस. खांद्यासाठीचा व्यायामही चुकवू नकोस.

बाबा, आज रात्री वेणी घातलीत की मानेपासून टोकापर्यंत तिचं माप फुटपट्टीने घेऊन फोनवर सांगा. ३० इंचांहून जास्त भरली तर पिशवीचं कापड लांब धरावं लागेल, ते कापण्याआधी कळायला हवं.

तुमची,
ताई