दिनूस, गांडुळांच्या वाफ्याबद्दल

ता. हिंगणघाट, जि. वर्धा
फेब्रुवारी

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

वहिनींनी परसात गांडूळखत करायचं मनावर घेतलं, हे ऐकून फार बरं वाटलं. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून सावलीचं आधी लिहितो. आपल्याकडे गांडुळं उपाशी मरत नाहीत, उन्हानं मरतात. खतासाठी मिळणारं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, १५ ते २५ अंशांत सुखी असतं. वाफ्याच्या आत ३५ च्या वर गेलं की टिकत नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. तेव्हा टिनाखाली वाफा अजिबात करू नका. तुमच्या गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली करा, वर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, मांडव घाला, त्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पसरा. गोणपाट ओलं करून वाफ्यावर कायम ठेवा. मे महिन्यात पाणी सकाळ-संध्याकाळ शिंपडावं लागेल, पण थोडंथोडंच. मुठीत माल दाबला की थेंब-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कोरडं पडलं तरी गुदमरतं आणि पाण्यात बुडालं तरीही.

वाफ्याला सिमेंट लागत नाही. जुन्या विटा रचा, रुंदी ३ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. उंची दीड-दोन फुटांच्या वर नको. तळाला विटांचे तुकडे आणि रेती, त्यावर तुराट्यांचे बारीक तुकडे, मग सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि शेण यांचे थर.

शेण ताजं घालू नका, एवढं मात्र मनावर घ्या. ताजं शेण कुजताना तापतं आणि त्या उष्णतेत गांडुळं मरतात. उकिरड्यावर १५-२० दिवस पाणी मारून निवू द्या. आत हात घालून बघा, कोमट लागलं तरी थांबा. बैलाला जंताचं औषध पाजलं असेल तर त्याचं शेण काही आठवडे वाफ्यात घालू नये. संत्र्याच्या साली थोड्या चालतात, ढीग नको; आंबटपणा वाढतो. फवारलेला भाजीपालाही नको.

गांडुळं कृषी विज्ञान केंद्रातून घ्या. शेतातली आणून सोडली तर राहत नाहीत, ती मातीत खोल बिळं करणारी वेगळी जात. वाफ्यात सोडायची ती संध्याकाळी. मुंग्यांसाठी भोवती पाण्याची चारी काढा, पावडर टाकू नका. कोंबड्या मोकळ्या असतील तर जाळी लावाच!

दीड-दोन महिन्यांत वरचा थर चहापत्तीसारखा दिसेल. मग पाणी ४-५ दिवस बंद ठेवा, ढीग करून उजेडात ठेवा. गांडुळं खाली सरकतात, वरून खत काढत जा. चाळणीत पिवळसर दाणे दिसले तर फेकू नका, ती त्यांची अंडी आहेत, परत वाफ्यात टाका. खत वांग्याला, मिरचीला, सांबाराला म्हणजे कोथिंबिरीला घाला आणि वरून मातीनं झाका.

पऱ्हाटी पेटवायची सवय मात्र या वर्षी सोड, मित्रा. बारीक करून कुजवली तर तीही गांडुळांच्या पोटात जाते, फक्त वेळ जास्त लागतो. तुझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जळणारा ढीग बघून दरवर्षी माझा जीव कळवळतो.

केंद्रात मिळाली नाहीत तर माझ्याकडची घेऊन जा. ओल्या कुटारात भरून गोणपाटात बांधून देईन, मात्र सकाळी लवकर ये, म्हणजे ऊन तापायच्या आत घरी पोचशील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू