अन्नमंत्र्यांना खुले पत्र : आधी निथळा, मग तोला

मा. अन्नमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

शाळा-रुग्णालयांच्या भोजनगृहांसाठी खरेदी होते तेव्हा डबाबंद माल स्वस्त दिसतो, कारण दर निव्वळ वजनावर, म्हणजे पाण्यासकट, ताडला जातो. शिजवलेल्या कडधान्याचा 400 ग्रॅमचा डबा चाळणीत ओता. हाती साधारण 240 ग्रॅम दाणे उरतात, बाकी खारे पाणी. तेवढे शिजलेले दाणे सुमारे 100 ग्रॅम कोरड्या कडधान्यातून मिळतात. तुलना करायची ती त्या 100 ग्रॅमशी. इंधन, मजुरी आणि रात्रभरचे भिजवणेही हिशेबात हवे. राजमा असेल तर भिजवलेले पाणी टाकून ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेच्या भांड्यात राजम्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन पुरते नष्ट होत नाही आणि खाणाऱ्यांना उलट्या होतात. ताज्या स्वयंपाकाला प्रशिक्षित हात लागतात, हे आम्हाला मान्य आहे.

मिठाचा हिशेब याहून अवघड. वेष्टनावर सोडियम असते, मिलिग्रॅममध्ये आणि अनेकदा एका वाढणीपुरते. त्याला 2.5 ने गुणले की मीठ कळते. वाढणीला 800 मिलिग्रॅम आणि पाकिटात दोन वाढण्या असतील, तर पाकीट संपवणाऱ्याच्या पोटात 4 ग्रॅम मीठ गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. डब्यातले दाणे धुतले तर थोडे मीठ जाते. तयार सूपमधले कसे काढणार?

2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेला (कारखान्यात बनलेला, तयार) आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेला आहार दिला गेला. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मेद, मीठ सारखेच. हवे तेवढे खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, वजन सुमारे 0.9 किलोने वाढले. तो आहार स्वस्त होता, हेही खरे. पण जादा खाल्लेले अन्नही कोणीतरी विकतच घेते, आणि पुढचा औषधांचा खर्च खरेदीच्या बिलात येत नाही.

गोठवलेल्या साध्या भाज्यांना मात्र अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांत ढकलू नका. त्यांत वरून मीठ-साखर घातलेली नसते आणि वायाही कमी जाते.

म्हणून निविदेत दर निथळलेल्या वजनावर मागवा. पूर्ण पाकिटातले मीठ ग्रॅममध्ये, दर्शनी बाजूला छापणे सक्तीचे करा. साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी, साखरेसारखी लवकर पचणारी पूड) अशी वेगवेगळी नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या घटकांच्या यादीत खाली-खाली सरकतात. त्यांची बेरीज एका ओळीत द्यायला लावा.

आपले,
आहारतज्ज्ञ आणि भोजनगृह व्यवस्थापक